मेंटॉर वेगळा, सुपरवायजर वेगळा: नवीन मंडळी सुरू करताना होणारा घोळ

नवीन मंडळी, म्हणजे चर्च, सुरू करायला निघालेल्या माणसाला सगळेच सांगतात की एखादा अनुभवी पाळक (पास्टर) धर, त्याच्या हाताखाली शिक, एकट्याने उडी मारू नको. सल्ला बरोबरच आहे. पण पुढे होतं काय, तर ज्या संस्थेने किंवा पाठवणाऱ्या मंडळीने सपोर्ट, म्हणजे पैशाची मदत, द्यायचं कबूल केलंय तिथलाच एक ज्येष्ठ माणूस नेमून दिला जातो आणि त्यालाच सगळे मेंटॉर म्हणायला लागतात. माणूस चांगला असतो, प्रार्थना करतो, दर महिन्याला फोन करतो, कसं चाललंय विचारतो, सगळं खरं, फक्त तो मेंटॉर नसतो, सुपरवायजर असतो. दोघंही वयाने मोठे, दोघंही अनुभवी, दोघांच्या तोंडी तीच वचनं, त्यामुळे फरक पटकन लक्षातच येत नाही.

सुपरवायजर कामाबद्दल उत्तरदायी असतो. त्याला वर कोणाला तरी सांगायचं असतं की दिलेले पैसे कुठे गेले, शिकवण नीट आहे का, ठरल्याप्रमाणे काम पुढे सरकतंय का. मेंटॉरला वर कोणाला काहीच सांगायचं नसतं, त्याचं लक्ष तुमच्यावर असतं. एकच बातमी दोघांना सांगून बघा. समजा रविवारी वीस जण यायचे ते आता नऊवर आलेत. सुपरवायजर विचारेल, कधीपासून, कशामुळे, पुढचा प्लॅन काय, हॉल ठेवायचा की सोडायचा? हे प्रश्न अगदी रास्त आहेत, त्यात राग येण्यासारखं काही नाही. मेंटॉर विचारेल, ते गेल्यावर तू काय केलंस, झोप लागते का, घरचे काय म्हणतात? आणि मग कदाचित स्वतःचं सांगेल, की माझ्याकडे असंच झालेलं, मी गेलेल्यांच्या मागे धावत राहिलो आणि जे थांबले होते त्यांच्याकडे बघायचंच राहून गेलं.

आता खरी मेख. ज्याच्या सहीवर तुमचा सपोर्ट चालतो त्याला तुम्ही सगळं सांगणार नाही. खोटं बोलाल असं नाही म्हणत मी, पण रिपोर्टमध्ये "काही कुटुंबं इतरत्र गेली" असं लिहाल आणि त्याआधी अर्पणाच्या हिशोबावरून झालेली बाचाबाची गाळाल, "प्रार्थनेची गरज आहे" असं लिहाल आणि तीन आठवडे स्वतःला प्रार्थनाच होत नाहीये हे लिहिणार नाही. हा काही ढोंगीपणा नाही, पोटाचा प्रश्न आला की कोणीही असंच वागतो. म्हणून माझं ठाम मत आहे की जो पैशाचा निर्णय घेतो त्याच्यावरच मेंटॉरचंही ओझं टाकू नये, कितीही देवभीरू असला तरी.

नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांमध्ये हे दोन्ही रोल एकाच माणसात दिसतात, आणि तो माणूस म्हणजे बर्णबा. अंत्युखियात ग्रीक लोक विश्वास ठेवतायत अशी खबर यरुशलेमच्या मंडळीला लागली तेव्हा त्यांनी बर्णबाला तिकडे पाठवलं (अध्याय ११). म्हणजे तिथल्या कामासाठी तो बघायला आलेला माणूस, आजच्या भाषेत सुपरवायजरच. तो आला, देवाची कृपा बघून खूश झाला, त्यांना धीर दिला, आणि मग सरळ तार्सला गेला शौलाला शोधायला. त्याला घेऊन आला आणि दोघांनी वर्षभर एकत्र त्या मंडळीत शिकवलं. हा तोच शौल, म्हणजे पुढचा पौल, ज्याला यरुशलेमचे शिष्य घाबरत होते आणि बर्णबानेच त्याला प्रेषितांपुढे नेलं होतं (अध्याय ९). अंत्युखियासाठी बर्णबा पाठवलेला माणूस, शौलासाठी मात्र हात धरणारा. पण तो शौलाचा रिपोर्ट कुठे पाठवत होता असं त्या वृत्तांतात काही दिसत नाही.

पुढे अध्याय १५ मध्ये याच दोघांचं जोरदार वाजतं. कारण योहान मार्क. तो आधीच्या सेवेच्या प्रवासात पंफुल्यातून अर्ध्यात निघून गेला होता, त्यामुळे पौल म्हणतो त्याला परत न्यायचं नाही. बर्णबा म्हणतो न्यायचा. पौल कामाच्या बाजूने बोलतोय, की अवघड प्रवासात ज्याने साथ सोडली त्याच्यावर पुन्हा भिस्त कशी ठेवायची, आणि बर्णबा माणसाच्या बाजूने. कोण बरोबर होता हे कृत्यांचा लेखक लूक सांगतच नाही, नुसतं एवढंच की एक मार्कला घेऊन कुप्रला गेला आणि दुसरा सीलाला घेऊन सूरिया आणि किलिकियात. कितीतरी वर्षांनी पौलच आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो की मार्कला सोबत घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११). मला वाटतं नवीन सेवकाला दोन्ही आवाज ऐकू आले पाहिजेत, फक्त ते एकाच तोंडातून यायला लागले की त्याला कळेनासं होतं की आत्ता आपण नापास होतोय की आपल्याला सावरलं जातंय.

यावर कोणी म्हणेल की पौल तर तीमथ्याला दोन्ही होता ना? होता. इफिसात थांब आणि चुकीचं शिकवणाऱ्यांना ताकीद दे, ही झाली जबाबदारी, आणि त्याच पत्रात नुसतं पाणी पिऊ नको, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे, हेही आहे. तीत या दुसऱ्या सहकाऱ्याला क्रेतात ठेवलं ते नगरोनगरी वडील, म्हणजे मंडळीचे पुढारी, नेमायला, म्हणजे चक्क कामाची यादी. पण पौल आणि तीमथ्य आधी कितीतरी प्रवास एकत्र केलेले लोक होते. इथे एखाद्या ट्रेनिंगमध्ये दोन दिवस भेटलेला माणूस लगेच दोन्ही होऊ बघतो, ते जमत नाही.

मेंटॉरकडून नेमकं शिकायचं काय, हे बऱ्याच जणांना स्पष्ट नसतं. उपदेशाची तयारी शिकायची असेल तर त्यासाठी कोर्स आहेत, कॉलेजं आहेत. मेंटॉरकडून मिळतं ते सोबत फिरून मिळतं. उदाहरणार्थ आजारी माणसाची भेट. नवीन माणूस दवाखान्यात जातो, खाटेपाशी उभा राहतो, दोन मिनिटांत पवित्र शास्त्र उघडतो, वचन वाचतो, मोठ्याने प्रार्थना करतो आणि निघतो. अनुभवी पाळक काय करतो बघा: दाराबाहेरच फोन बंद करतो, आत गेल्यावर आधी खुर्ची ओढून बसतो म्हणजे पेशंटला मान वर करून बोलावं लागू नये, वचनाचं नावही न काढता आधी ऐकून घेतो, सोबत बसलेल्या नातेवाइकाला जेवलात का विचारतो, मग प्रार्थना करू का अशी परवानगी मागतो, आणि प्रार्थना छोटी करतो. हे कुठल्याही रिपोर्टच्या फॉर्ममध्ये नसतं. तसंच अर्पण मोजताना कायम दोन माणसं बसवायची आणि पाळकाने त्यात नसायचं, ही साधी सवय, पण ती कोणाकडे तरी बघूनच लागते आणि नसेल तर कधीतरी नाक कापलं जातं.

दोघांच्या मधला एक तिसराही असतो, सल्लागार. थोडे दिवस येतो, बघतो, स्पष्ट सांगतो आणि जातो. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे निवाडे करत बसलेला बघून त्याचा सासरा इथ्रो याने त्याला कामं वाटून द्यायला सांगितलं आणि मग तो आपल्या देशी परत गेला (निर्गम १८). मिशनच्या इतिहासात जॉन नेव्हिअस या मिशनरींचं उदाहरण देतात. ते १८५४ पासून चीनमध्ये काम करत होते, आणि १८९० मध्ये कोरियातल्या तरुण प्रेस्बिटेरियन मिशनरींनी त्यांना सोलला बोलावलं. राहिले जेमतेम दोन आठवडे. सांगितलं काय, तर विश्वासणाऱ्यांनी आपापला धंदा-नोकरी सोडू नये, मंडळीने स्वतःच्या ऐपतीप्रमाणेच इमारत बांधावी, बाहेरच्या पैशावर उभी राहू नये, आणि सगळ्यांना शास्त्राचा पद्धतशीर अभ्यास द्यावा. त्या मिशनने पुढे हेच धोरण म्हणून घेतलं. दोन आठवड्यांत एवढं होऊ शकतं, पण त्या तरुणांपैकी कोणाची हिंमत खचली तर आधार द्यायला नेव्हिअस तिथे नव्हते, आणि ते त्यांचं कामही नव्हतं.

मेंटॉर म्हणजे सगळं पोटात ठेवणारा, असाही एक गैरसमज आहे. पैशाची अफरातफर, लहान मुलांना धोका, कोणाचं शोषण, या गोष्टी मेंटॉरच्या कानावर आल्या तर त्या गुपित राहणार नाहीत, जिथे कळवायच्या तिथे तो कळवणार, हे पहिल्याच भेटीत बोलून घ्यायचं. बाकी खचणं, शंका, घरातले ताण, मंडळीच्या एखाद्या वडिलांशी पटत नाही, हे दोघांतच. उलट सुपरवायजरकडे काय जाणार हे लेखी असलेलं उत्तम: किती महिन्यांनी रिपोर्ट, हिशोब कोण बघणार, सपोर्ट किती काळ आणि तो कमी कसा होत जाणार. तोंडी ठरलेलं प्रत्येकाला वेगळं आठवतं.

आणि मेंटॉर निवडताना वय बघून भुलू नका. मोठी, जमलेली मंडळी तीस वर्षं सांभाळणं हा मोठाच अनुभव आहे, पण शून्यातून सुरुवात करणं वेगळं, तिथे खुर्च्या लावण्यापासून सगळं एकट्याच्या अंगावर असतं. पूर्ण वेळ पगारावर सेवा केलेल्या पाळकाला दिवसा नोकरी करून संध्याकाळी लहान गट घेणाऱ्याची दमछाक कळतेच असं नाही. असा माणूस चांगला असेल तर त्याच्याकडून पाळकीय काळजी शिका, आणि सुरुवातीच्या गोष्टी पाच-सात वर्षांपूर्वी मंडळी सुरू केलेल्या एखाद्याला विचारा, तो तुमच्याहून फार मोठा नसला तरी चालेल. अक्विला आणि प्रिस्किल्ला तंबू बनवणारं जोडपं, तरी अपुल्लोससारख्या वक्त्याला बाजूला घेऊन त्यांनी अधिक नीट समजावलंच की.

नाइलाजाने दोन्ही रोल एकाच माणसाकडे आले, आणि लहान संस्थांमध्ये ते येतातच, तर निदान भेटी वेगळ्या ठेवा. हिशोब आणि आकडे एका दिवशी, त्यावर लिहून घेणं वगैरे सगळं. आणि दुसऱ्या दिवशी कागद न घेता नुसतं बसायचं. बोलताना अडखळायला झालं तर सरळ विचारा, पास्टर, हे मी आत्ता कोणाला सांगतोय, तुम्हाला की कमिटीला? चांगला माणूस असेल तर रागावणार नाही, थांबून विचार करेल. आणि रागावलाच, तर तुम्ही त्याला काय सांगायचं आणि काय दुसऱ्या कोणाकडे न्यायचं हे तिथल्या तिथे ठरवता येतं.