घरातील खोल्यांची मांडणी (निवास आणि काम)

राहणे आणि उपजीविकेचे काम एकाच घरात करताना कोणती खोली कोठे, केवढी आणि कोणत्या वेळी कोणासाठी, हे ठरवण्याची पद्धत. पुण्यातल्या वाड्यांत तिचा क्रम स्पष्ट होता: आलेला माणूस ओसरी-पडवीवर थांबे, कारभार दर्शनी भागात चाले, माजघर आणि स्वयंपाकघर आत असे. फ्लॅटमध्ये वाड्याच्या मधला उघडा चौक उरला नाही. बाहेरच्याला किती आत येऊ द्यायचे, हा प्रश्न मात्र कायम आहे. शिकवणी, वकिली, शिवणकाम अशा माणसे येणाऱ्या कामाला मुख्य दाराजवळची खोली द्यावी आणि तिथून बेडरूम न ओलांडता टॉयलेट गाठता यावे. संगणकावरच्या कामाला उलट, दारापासून लांबची खोली बरी.

आधी खोल्यांना नावे देऊ नयेत. घरातल्या प्रत्येकाचे तास लिहून काढावेत. दोघांचे कॉल एकाच वेळी असतील तर बंद होणारी दोन दारे लागतातच. मग १ मीटरला २ सेंटिमीटर या प्रमाणात नकाशा काढून त्यावर कॉलम, दारे कोणत्या बाजूला उघडतात ते आणि प्लग पॉइंट दाखवावेत. फर्निचरचे कागदी तुकडे कापून फिरवून पाहावेत.

टेबल २ फूट खोल, ४ फूट लांब. मागे खुर्चीसाठी किमान ३ फूट. १० बाय ११ च्या बेडरूममध्ये १० फुटी भिंतीला २ फूट खोल कपाट आणि ११ फुटी भिंतीला डोके करून ५ बाय साडेसहाचा बेड ठेवला, तर पायथ्याशी साडेतीन फूट उरतात. तिथे टेबल लावल्यास खुर्चीला दीडच फूट मिळतो. बेडऐवजी त्याच ११ फुटी भिंतीलगत ३ फूट रुंद दिवाण आडवा ठेवला, तर ७ फूट मोकळे होतात. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे एकाच खोलीच्या घरात ती किमान साडेनऊ चौरस मीटर हवी. कामाची गरज तीत धरलेली नाही.

पुण्यात सगळ्यांत जास्त चुकते ती पश्चिम बाजू. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडते, म्हणून तिथे ना दुपारचे काम होते ना झोप. कपाटे, जिना, बाथरूम या बाजूला घालावेत. पण ती पूर्ण बंद करू नये, कारण पावसाळी वारा तिकडूनच येतो. तिरक्या सरींसाठी खिडकीवर छज्जा हवाच. कामाला उत्तरेचा उजेड उत्तम. खिडकी टेबलाच्या बाजूला असावी. पाठीमागे असली की स्क्रीनवर चकाकी येते, समोर असली की डोळे दिपतात. दोन तावदानांची स्लायडिंग खिडकी निम्मीच उघडते, हेही हिशेबात धरावे.

आवाजासाठी स्वयंपाकघराची सामाईक भिंत टाळावी. चार इंची भिंतीतून मिक्सर आणि कुकरची शिट्टी सरळ ऐकू येते. दुसरा उपाय नसेल तर त्या भिंतीला भरलेले कपाट लावावे आणि दाराखालची फट बंद करावी.

ड्राय बाल्कनी (स्वयंपाकघराला लागून असलेली धुण्याची बाल्कनी) बंद करून ऑफिस करण्याचा मोह टाळलेलाच बरा: स्वयंपाकघराची हवा अडते, वॉशिंग मशीनला जागा राहत नाही आणि परवानगीचा प्रश्न येतो. भिंत पाडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावे; जुन्या लोड बेअरिंग (कॉलमऐवजी भिंतींवर उभ्या असलेल्या) बंगल्यांत आतल्या भिंतींवरही स्लॅबचा भार असू शकतो.