खान्देशातील अभियांत्रिकी शिक्षण आणि मानकाधारित लेखन : पार्श्वभूमी

खान्देशात मानकाची ओळख अभियंत्याआधी शेतकऱ्याला झाली, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही. केळी आणि कापसाच्या पट्ट्यात ठिबक रुजले तेव्हा नळीवर आयएसआय चिन्ह आहे की नाही, हे पाहूनच अनुदानाची फाईल पुढे सरकते, हे यावल-रावेरच्या बागायतदाराला लवकर कळले. त्या चिन्हामागे आयएस (इंडियन स्टँडर्ड) १२७८६ (ठिबकची लॅटरल, म्हणजे पिकाच्या ओळीतली नळी) किंवा आयएस १३४८७ (थेंब सोडणारा ड्रिपर) अशी मानके असतात; अभियंते त्यांनाच ‘कोड’ म्हणतात. त्याच गावातून जळगावला किंवा शिरपूरला शिकायला गेलेला मुलगा मात्र अंतिम वर्षाच्या प्रकल्प अहवालात बहुधा ‘चाचणी आयएस कोडनुसार केली’ एवढेच लिहितो. कोणता कोड, कोणत्या वर्षाचा, त्यातील कोणते कलम आणि आपला निकाल त्यात बसला की नाही, हे त्या वाक्यात नसते. ही सवय कशी पडली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

ब्रिटनमध्ये १९०१ साली अभियांत्रिकी मानकांसाठी समिती स्थापन झाली आणि पोलादाच्या लाटलेल्या (रोल केलेल्या) छेदांची मापे ठरू लागली. भारतात रेल्वे आणि सार्वजनिक बांधकाम खाते यांचे काम दीर्घकाळ ब्रिटिश मानकांवर आणि आपापल्या खात्याच्या विनिर्देशांवर (स्पेसिफिकेशनवर) चालले. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात त्या विनिर्देशांचा वापर रोजचाच होता. ६ जानेवारी १९४७ रोजी भारतीय मानक संस्था (आयएसआय) अस्तित्वात आली. तिचे पहिले मानक, आयएस १, राष्ट्रध्वजाविषयी होते. प्रमाणन चिन्हाचा कायदा १९५२ चा, काँक्रीटचा आयएस ४५६ हा १९५३ चा. पुढे १९८६ च्या कायद्यानुसार १ एप्रिल १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरोने ही जबाबदारी घेतली.

वर्गात ही मानके आली ती मुख्यतः तक्त्यांच्या रूपाने. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली आणि त्याच लाटेत बांभोरी, धुळे, फैजपूर येथे महाविद्यालये उभी राहिली. जळगावचे शासकीय महाविद्यालय १९९६ चे. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन होण्यापूर्वी हा भाग पुणे विद्यापीठाच्या कक्षेत होता. आरसीसी आणि पोलादी संरचनांच्या पेपरला कोड किंवा स्टील टेबल (पोलादी छेदांच्या मापांचे तक्ते) सोबत नेण्याची मुभा असे, त्यामुळे कोड म्हणजे परीक्षेत उघडून आकडा शोधण्याचे पुस्तक हे समीकरण पक्के झाले. मूळ प्रती महाग, ग्रंथालयात मोजक्या, म्हणून हातोहात फिरत त्या झेरॉक्स. या झेरॉक्समध्ये तक्ते आणि आलेख असत. व्याप्ती, व्याख्या, स्वीकृतीचे निकष ही पाने बहुधा गाळलेली. लेखनाला लागणारी पाने नेमकी तीच होती.

एक उदाहरण पुरेसे आहे. एम २० काँक्रीटच्या (२८ दिवसांनी २० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकद अपेक्षित असलेल्या) तीन क्यूबची (चाचणीच्या घनाकृती ठोकळ्यांची) २८ दिवसांची ताकद १८.५, २५ आणि २६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आली, तर सरासरी २३.१७ येते. विद्यार्थी ती २० पेक्षा जास्त आहे म्हणून ‘समाधानकारक’ असा शेरा लिहून मोकळा होतो. आयएस ४५६:२००० मधील कलम १५.४ सांगते की कोणत्याही एका क्यूबचा निकाल सरासरीपासून १५ टक्क्यांपेक्षा जास्त ढळला तर त्या नमुन्याचा निकालच अवैध. इथे खालची मर्यादा सुमारे १९.७ आहे आणि पहिला क्यूब तिच्याखाली आहे. म्हणजे अहवालात ‘निकाल अवैध’ असे लिहावे लागते आणि क्यूब भरताना, ठोकताना किंवा पाण्यात ठेवताना काय घडले असावे, याचा शोध घ्यावा लागतो. कलमाचा क्रमांक लिहायला लावला की ते कलम वाचावे लागते. माझ्या मते या विषयाचे शिकवणे इथूनच सुरू होते, संदर्भसूचीच्या मांडणीपासून नव्हे.

वर्ष लिहिण्याचा आग्रहही केवळ शिस्तीचा नाही. आयएस ४५६ च्या १९७८ च्या आवृत्तीत मर्यादा अवस्था (लिमिट स्टेट) ही संरचनेच्या आकडेमोडीची पद्धत आली. त्या आवृत्तीत आरसीसीला एम १५ चालत असे. २००० मध्ये किमान दर्जा एम २० झाला. भूकंपविषयक आयएस १८९३ पहिल्यांदा १९६२ मध्ये निघाला आणि २००२ च्या नकाशात भूकंपाचे पहिले क्षेत्र (झोन) दुसऱ्यात विलीन होऊन चारच क्षेत्रे उरली. १९३८ च्या सातपुडा भूकंपाचा इतिहास असलेल्या तापी खोऱ्यात इमारतीचा अहवाल लिहिताना कोणता नकाशा वापरला, हे सांगितल्याशिवाय आकडेमोड तपासताच येत नाही.

गेल्या दशकात परिस्थिती दोन बाजूंनी बदलली. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा (अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या देशांच्या कराराचा) स्थायी सदस्य झाला, त्यानंतर मूल्यांकनाच्या निमित्ताने अहवाललेखन आणि संकल्पनाची (डिझाइनची) कागदपत्रे यांना महाविद्यालयांच्या फाईलींत जागा मिळाली. ती जागा पुष्कळ ठिकाणी फक्त रकाने भरण्यापुरतीच राहिली, हेही खरे. दुसरे म्हणजे भारतीय मानके ब्यूरोच्या संकेतस्थळावरून विनामूल्य मिळू लागली आणि झेरॉक्सची सबब संपली.

भाषेची अडचण मात्र राहिली. घरी अहिराणी, दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि मग थेट इंग्रजी मानकातील लांबलचक कलमे, असा इथल्या अनेकांचा प्रवास असतो. तोंडी परीक्षेत क्यूब का फुटला हे मराठीत नेमके सांगणारा विद्यार्थी लिहिताना इंटरनेटवरचा तयार परिच्छेद उचलतो. आधी कलमाचा आशय मराठीत लिहून घ्यावा, त्यातील बंधनकारक भाग आणि निव्वळ शिफारस वेगळी करावी, नंतर आपले मोजमाप त्याच्या शेजारी ठेवावे आणि मगच इंग्रजी अहवालाकडे वळावे, असा क्रम प्रयोगशाळेच्या जर्नलपासूनच लावता येतो. त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहावी लागत नाही; जर्नल तपासणाऱ्याने कलम क्रमांकाविना आलेले पान परत केले तरी चालते.