अख्ख्या ऑपेराला ‘वन्स मोअर’

संगीत नाटकातल्या एखाद्या पदाला ‘वन्स मोअर’ मिळणं आपल्याला नवं नाही. पण अख्ख्या नाटकालाच? व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये ७ फेब्रुवारी १७९२ च्या रात्री तसं झालं, असं सांगतात. इटालियन संगीतकार डोमेनिको चिमारोझाच्या ‘इल मात्रिमोनिओ सेग्रेतो’ म्हणजे ‘गुप्त विवाह’ या ऑपेराचा पहिला प्रयोग होता. सम्राट लिओपोल्ड दुसरा इतका खूश झाला, की त्याने सगळ्या मंडळींना जेवू घातलं आणि त्याच रात्री ऑपेरा पहिल्यापासून पुन्हा करायला लावला. खेळ जवळजवळ तीन तासांचा. भरल्या पोटी गायचं म्हणजे काय, ते गाणाऱ्यांनाच विचारावं.

चिमारोझाचा जन्म १७ डिसेंबर १७४९ चा, नेपल्सजवळच्या आव्हेर्सा गावचा. बाप गवंडी. नेपल्समध्ये राजवाड्याच्या बांधकामावर काम करताना तो पडून मेला, आणि आई मठातले कपडे धुऊन घर चालवू लागली. मठातल्या ऑर्गन वाजवणाऱ्या पाद्र्याने पोराचा कान ओळखला आणि त्याला शिकवायला घेतलं. १७६१ मध्ये तो सांता मारिया दी लोरेतोच्या ‘कॉन्झर्व्हेटोरिओ’त दाखल झाला. आज जगभर संगीत महाविद्यालयाला हा शब्द वापरतात, पण मुळात त्याचा अर्थ सांभाळायची जागा, सरळ सांगायचं तर अनाथाश्रम. पोरांच्या हाताला काहीतरी कसब लागावं म्हणून नेपल्सच्या या आश्रमांनी संगीत धरलं, आणि अठराव्या शतकात त्यांतून निघालेले संगीतकार युरोपभरच्या दरबारांत पोचले.

तिथली तालीम मला आपल्या गुरुकुलाच्या फार जवळची वाटते. विद्यार्थ्यासमोर फक्त खालच्या सुरांची एक ओळ ठेवायची. तिच्यावर वरचं सगळं त्याने तिथल्या तिथे वाजवत रचायचं. याला ‘पार्तिमेंतो’ म्हणत. वर्षानुवर्षं हा रियाज झाला, की चाल सुचायची वाट बघावी लागत नसे, बोटंच ती काढून देत. चिमारोझाने साठाहून अधिक ऑपेरे लिहिले, त्यामागे प्रतिभा होतीच, पण ही घोटाईही होती. शिवाय त्या काळात नाटकगृहांना दर हंगामात नवा माल लागे. जुन्याचं कौतुक करत बसायला कोणाला वेळ नव्हता.

त्याचा पहिला ऑपेरा १७७२ मध्ये नेपल्सच्या फिओरेंतिनी नाटकगृहात झाला. देवादिकांचे आणि राजेरजवाड्यांचे गंभीर ऑपेरे सान कार्लोच्या भव्य रंगमंचावर, आणि बोलघेवडे नोकर, लबाड वकील, चिक्कू म्हातारे यांचे विनोदी खेळ छोट्या नाटकगृहांत, अशी तिथे विभागणी होती. चिमारोझाचा हात बसला तो विनोदीवर.

१७८७ मध्ये रशियाची सम्राज्ञी कॅथरीन द ग्रेटचं बोलावणं आलं आणि तो सेंट पीटर्सबर्गला गेला. गालुप्पी, त्राएत्ता, पाइझिएल्लो, सार्ती असे एकामागून एक इटालियन संगीतकार त्या दरबारी आधीच राबून गेले होते. चिमारोझाला ना तिथली थंडी मानवली, ना दरबाराने खर्चाला लावलेली कात्री. १७९१ मध्ये तो निघाला आणि वाटेत व्हिएन्नात थांबला. ‘गुप्त विवाह’ रंगमंचावर आला, तेव्हा मोझार्टला जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

‘गुप्त विवाह’ची गोष्ट घरगुती आहे. बोलोन्याचा श्रीमंत पण बहिरा व्यापारी जेरोनिमो. त्याला थोरल्या मुलीसाठी उमराव जावई हवा आहे. काउंट येतो आणि नेमका धाकटीवर भाळतो. ती मिळणार असेल तर ठरलेल्या हुंड्यातला निम्मा सोडायला तो तयार होतो, आणि अर्धी रक्कम वाचते म्हटल्यावर सासरेबुवांचा राग विरघळतो. इकडे धाकटीने बापाच्याच कारकुनाशी गुपचूप लग्न उरकलेलं! सासरे-जावयाच्या या सौद्याचं युगुलगीत ऐकावं. दोन जाड आवाज आधी एकमेकांवर गुरगुरतात आणि आकडा जमल्यावर एका सुरात येतात. भाषा कळली नाही तरी भाव कमी केल्याचं ऐकू येतं.

तिकडे पहिल्या प्रयोगानंतर साधारण तीन आठवड्यांनी, १ मार्चला, लिओपोल्ड वारला. आश्रयदाताच गेल्यावर चिमारोझा १७९३ मध्ये नेपल्सला परतला, तिथल्या राजा फर्डिनांडच्या पदरी.

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा दरबारी संगीतकाराचा धर्मच. पण १७९९ मध्ये पोळी वाढणारेच भराभर बदलले. फ्रेंच सैन्य आलं, राजा आधीच सिसिलीतल्या पालेर्मोला पळाला होता, जानेवारीत प्रजासत्ताक जाहीर झालं. चिमारोझाने प्रजासत्ताकाचं स्तोत्र रचलं. जूनमध्ये राजाच्या फौजा परतल्या आणि फाशीचं सत्र सुरू झालं, तेव्हा त्याने राजाच्या गौरवाचं गीतही रचलं. त्याचा उपयोग झाला नाही. डिसेंबरात त्याला तुरुंगात टाकलं. मला यात लबाडीपेक्षा सवय जास्त दिसते. जवळपास तीस वर्षं ज्याने मागणीबरहुकूम सूर पुरवले, त्याला स्तोत्र हीसुद्धा आणखी एक मागणीच वाटली असणार. पाइझिएल्लोनेही प्रजासत्ताकाची नोकरी पत्करली होती, पण त्याचं राजाच्या मर्जीतून उतरण्यावर निभावलं.

चार महिन्यांनी चिमारोझा सुटला आणि नेपल्स सोडून व्हेनिसला गेला. तिथेच ११ जानेवारी १८०१ रोजी, एक्कावन्नाव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. नेपल्सची राणी मारिया कारोलिना हिने त्याला विष घालायला लावलं, अशी कुजबुज लगेच पसरली. ही राणी म्हणजे त्या ‘वन्स मोअर’वाल्या लिओपोल्डची सख्खी बहीण. अफवा इतकी वाढली, की अखेर एका डॉक्टरचा खुलासा प्रसिद्ध करावा लागला, की मृत्यू पोटाच्या विकारानेच झाला. मेजावर ‘आर्तेमिझिया’ नावाचा ऑपेरा अर्धा राहिला होता. व्हेनिसच्या ला फेनिचे नाटकगृहाने तो त्याच महिन्यात रंगमंचावर आणला.