मंडईखालचं भुयार आणि त्यातला घोडा

परवा मंडईत मेथीची जुडी घेताना भाजीवाल्या मावशी अगदी छातीठोकपणे म्हणाल्या, "ह्याच्या खालनं भुयार हाय, शनिवारवाड्यापासनं पार पर्वतीपर्यंत, पेशवे घोड्यावर बसून जायचे." पुण्यात ही गोष्ट दर दोन-चार वर्षांनी वर येते. 2019 ला मेट्रोच्या खोदकामात स्वारगेटला भुयार सापडलं तेव्हा तर व्हॉट्सॲपवर खजिन्याचा नकाशा फिरायचा तेवढा बाकी होता.

भुयार खरंच आहे, पण ते पाण्याचं. नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून घेतले, गाळ तिथेच खाली बसायचा आणि वरचं बरं पाणी दगड-चुन्याच्या नळातून आठ-दहा किलोमीटर वाहत स्वारगेट, शुक्रवार पेठ करत शनिवारवाड्यापर्यंत यायचं, वाटेत काळा हौद, बदामी हौद असे हौद भरत. आजची मंडई 1886 ची, म्हणजे नळ तिच्याहून सव्वाशेपेक्षा जास्त वर्षांनी थोरला. पंप नाही, काही नाही, कात्रज उंचावर आणि वाडा नदीकाठी, बस.

आता घोडा. हा नळ साधारण अडीच फूट रुंद आणि सहा फूट उंच. घोडा कसाबसा शिरला तरी स्वाराचे गुडघे दोन्ही भिंतींना सोलून निघणार, आणि पगडीसकट डोकं कुठे ठेवायचं? पण मग पाण्याला सहा फूट उंची कशाला? पाण्याला नकोच आहे ती, ती माणसाला हवी, उतरून गाळ काढायला. भुयाराची अफवा जन्मली ती बहुतेक या सफाईवाल्याच्या उंचीतून!

माझी आवडती गोष्ट मात्र वेगळीच, उच्छ्वास. पुणेकर उसासे म्हणतात. नळावर जागोजागी बांधलेले दगडी मनोरे, वरून उघडे. गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी नळ आधी खर्र खर्र खोकतो, मग फुस्स करून पाणी येतं, बघितलंय ना? ती पाइपात अडकलेली हवा. लांबच्या नळाला कुठे ना कुठे उंचवटा असतोच, हवा हलकी म्हणून तिथे जाऊन बसते आणि पाण्याची वाट अडवते, पाणी मागे तुंबतं. उच्छ्वास असला की हवा वर निघून जाते.

दुसरं काम दाबाचं. पाणी सगळीकडे आपली पातळी गाठायला बघतं हे शाळेत शिकलोय, म्हणजे नळ पुढे तुंबून गच्च भरला आणि वरचं पाणी 10 मीटर उंचीवर उभं असलं तर खालच्या भिंतीच्या दर चौरस मीटरवर साधारण 10 टन भार येतो. लोखंडी पाइप सोसेल, पण दगड-चुन्याचा सांधा बाहेरच्या बाजूला फुटेल, कारण चुन्याला दाबलेलं चालतं, ताणलेलं नाही. म्हणून उतार हळू ठेवायचा, नळ वरपर्यंत भरू द्यायचा नाही, आणि तरी भरलाच तर पाणी उच्छ्वासात चढतं, मनोऱ्याच्या तोंडापर्यंत आलं की बाहेर सांडतं, दाब तिथेच थांबतो. उतार फार केला तर वेगाने चुना खरवडतो, फार कमी केला तर गाळ बसतो, या दोन्हींच्या मधला उतार आठ-दहा किलोमीटर सांभाळायचा, लेझर नसताना! (इथे कुणाचं डोकं गरगरलं असेल तर पुढच्या ओळीवर उडी मारा.)

शिवाय उच्छ्वासात डोकावलं की बिघाड कळतो. एकात पाणी आहे, पुढच्यात नाही, म्हणजे अडलंय ते या दोघांच्या मधे.

आणि हो, असं भुयार कुठे उघडं दिसलं तर रील काढायला आत शिरू नका. नाग-बिग खजिना राखत नसतो, पण बंद जागेत ऑक्सिजन कमी असू शकतो आणि ते कळायच्या आत माणूस पडतो.

हे सगळं मी मावशींना सांगितलं, उसाशांसकट. त्यांनी मेथी पिशवीत टाकली, सुट्टे परत दिले आणि म्हणाल्या, "ते पाण्याचं असंल हो. घोड्याचं दुसरं हाय, त्याच्या खाली."