वाळवी, वाळू आणि बोत्स्वाना

अंगोलाच्या डोंगराळ भागात जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस कोसळतो. ते पाणी ओकावांगो नदीतून नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडून आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या बोत्स्वाना देशात शिरतं आणि माउन गावापर्यंत पोचायला जून-जुलै उजाडतो. म्हणजे पूर येतो तो ऐन कोरड्या ऋतूत, भोवतालचं कलहारी वाळवंट तहानलेलं असताना. हत्ती आणि रानम्हशींचे कळप तेव्हा इकडेच वळतात.

देशाला समुद्रकिनारा नाही, आणि ही नदीही समुद्राला मिळत नाही. जमिनीतल्या भ्रंशांमुळे, म्हणजे खडक तुटून सरकल्याने पडलेल्या भेगांमुळे, तयार झालेल्या सपाट, उथळ खळग्यात ती पसरते आणि तिथेच संपते. तिचं 95 टक्क्यांहून जास्त पाणी उन्हाने आणि झाडापानांतून हवेत जातं. पाणी उडालं की क्षार मागे उरायला हवेत. जवळच्या मकगाडीकगाडीत तेच झालं: प्राचीन महासरोवर आटलं आणि मिठाची अफाट मैदानं उरली. मग ओकावांगोचं पाणी गोडं कसं राहिलं?

याचं श्रेय बरंचसं वाळवीला जातं. बुरशीची शेती करणारी इथली वाळवी माती रचून उंच वारूळ उभारते. पूर आला तरी त्याचा माथा कोरडा राहतो. त्यावर पक्ष्यांच्या विष्ठेतून बिया पडतात, झाडं वाढतात, हळूहळू बेट तयार होतं. झाडांची मुळं भूजल ओढून घेतात, त्यामुळे आजूबाजूचं पाणी सतत बेटाखाली झिरपत राहतं. पाणी पानांतून उडून जातं, क्षार मात्र बेटाच्या मध्यभागी साठत जातात. कालांतराने तिथे झाडंही तगत नाहीत, मधला भाग खारट आणि उजाड होतो. पण बाहेरचे प्रवाह गोडे राहतात. इतकी सुंदर व्यवस्था मला भूगोलात क्वचितच दिसली आहे. 2014 मध्ये हा प्रदेश युनेस्कोच्या यादीतलं एक हजारावं जागतिक वारसास्थळ ठरला.

वाळवीचं दुसरं काम थेट देशाच्या तिजोरीशी निगडित आहे. बोत्स्वानाचा सुमारे 70 टक्के भाग कलहारीच्या वाळूखाली आहे. हिरे ज्यात सापडतात तो किम्बरलाइट खडक या थराखाली दडलेला. वाळवी ओलाव्याच्या शोधात खोल उतरते आणि येताना खालचे खनिजकण वर आणते. ज्वानेंगला वर आलेल्या अशाच कणांनी भूशास्त्रज्ञांना माग दिला. 1982 मध्ये सुरू झालेली ती खाण हिऱ्यांच्या मोलाने जगातल्या सर्वांत समृद्ध खाणींमध्ये गणली जाते.

1885 पासून ब्रिटिश संरक्षणाखाली असलेला हा देश 30 सप्टेंबर 1966 रोजी स्वतंत्र झाला, तेव्हा तो जगातल्या अतिगरीब देशांपैकी होता. तोवरचा कारभार तर सीमेबाहेरून, दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंगहून चाले. गाबोरोन ही राजधानी नव्याने वसवावी लागली. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा ज्या बामांग्वाटो जमातीच्या राजघराण्यातले, तिच्याच मुलखात. तरीही खनिजांवरचा हक्क जमातींकडून सरकारकडे जाईल असा कायदा त्यांच्या सरकारने केला. त्या पैशातून पुढे रस्ते, शाळा आणि दवाखाने उभे राहिले. माझ्या मते बोत्स्वानाच्या इतिहासातला हाच सर्वांत मोठा निर्णय.

आज लोकसंख्या सुमारे 24 लाख, तीही मुख्यतः पूर्वेकडच्या पट्ट्यात, कारण तिथे पाऊस थोडा बरा पडतो. बहुसंख्य लोक त्स्वाना. त्यांची सेत्स्वाना भाषा देशभर चालते. ईशान्येला कलांगा लोक आहेत. कलहारीत मात्र या सर्वांच्या कितीतरी आधीपासून सान लोक राहत आले आहेत. मुळं, कंद आणि रानटी कलिंगडांतून पाणी मिळवण्याचं त्यांचं ज्ञान असामान्य आहे. याच लोकांना सरकारने 2002 मध्ये मध्य कलहारी अभयारण्यातून बाहेर काढलं, हे मनाला फार लागतं. ते न्यायालयात गेले आणि 2006 मध्ये जिंकले. परतल्यावर मात्र विंधनविहीर वापरायला परवानगी नव्हती. पुन्हा खटला लढून 2011 मध्ये त्यांनी तो हक्कही मिळवला.