जिन्यापाशी राहणाऱ्याला मित्र जास्त

चाळीत जिन्यालगतची खोली सहसा कुणाला नको असते. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर थेट ओट्यापर्यंत पोचते. पाहुणा कुणाचाही असो, पत्ता इथेच विचारतो. बाहेर गेलेल्यांच्या किल्ल्या सांभाळायच्या त्या वेगळ्याच. पण त्या खोलीतल्या माणसाला अख्खी चाळ ओळखते, आणि यामागचं गणित अमेरिकेत मोजून झालेलं आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर एमआयटी या तिथल्या विद्यापीठाने लग्न झालेल्या विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट ही वसाहत उभारली. घरं रिकामी होतील तशी दिली जात, त्यामुळे शेजार कुणी निवडलेला नव्हता. लिऑन फेस्टिंगर, स्टॅनली शॅक्टर आणि कर्ट बॅक या संशोधकांनी रहिवाशांना विचारलं, तुमचं जास्त उठणंबसणं कुणाकडे? उत्तरं 1950 साली छापून आली. एका मजल्यावर पाच दारं. अगदी लगतच्या दारातल्या शेजाऱ्याचं नाव घेतलं जाण्याचं प्रमाण 41 टक्के, एक दार सोडून 22 टक्के आणि मजल्याच्या पार दुसऱ्या टोकाला फक्त 10 टक्के. ही दोन टोकं जेमतेम 90 फुटांवर! वरच्या मजल्यावरच्यांशी ओळखी झाल्या त्या खाली जिन्याच्या तोंडाशी राहणाऱ्यांच्या.

म्हणजे स्वभाव, आवडीनिवडी वगैरे नंतर. आधी पायाखालची वाट. रोज दिसणारा चेहरा, काही बोलणं झालं नाही तरी, हळूहळू बरा वाटू लागतो. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी 1968 मध्ये हे प्रयोगांतून दाखवलं.

मात्र चाळीच्या आठवणींत रमणाऱ्यांनी 1976 चा एक अभ्यासही वाचावा. कॅलिफोर्नियातल्या एका गृहसंकुलात नावडती माणसं कुठे राहतात ते शोधलं, तर ती मित्रांपेक्षाही जवळ निघाली. नळावर बादलीच्या नंबरावरून भांडलेल्यांना याचं नवल वाटणार नाही. पण भांडायलासुद्धा आधी ओळख लागते.

आता मुंबईतल्या बीडीडी चाळी पाहा. मजल्यावर 20 खोल्या, मधून पॅसेज, संडास सामायिक, खोली 160 चौरस फुटांची. पुनर्विकासात त्याजागी टॉवर आणि 500 चौरस फुटांचं घर मिळतं. स्वतःचा संडास यायलाच हवा होता. रांगेचं कौतुक रांगेत न उभं राहिलेल्यांनीच करावं. फक्त त्या रांगेत, पॅसेजमध्ये, जिन्यावर ज्या भेटी आपोआप होत, त्या आता लिफ्टच्या दारापाशी उरतात, आणि लिफ्टमध्ये सगळे मजल्याचा आकडा बघत उभे असतात.

लिफ्टसमोर दोन खुर्च्या मावतील का, हे फ्लॅट घेताना कोण पाहतो? आणि कुणी टाकल्याच, तर दुसऱ्या दिवशी वाट अडवली म्हणून सोसायटीची नोटीस येते.