तीन बोटांवरचा खर्ज

इंदूरच्या राजेंद्रनगरात गणपतीच्या दिवसांत आमच्या भागात एक रात्र ऑर्केस्ट्राची असते. गेल्या खेपेला दुपारीच मांडवात डोकावलो, तर साउंडचं काम बघणारा मुलगा बेस गिटारच्या कॅबिनेटपुढे, म्हणजे स्पीकरच्या खोक्यापुढे, उकिडवा बसून हातातला माईक उलटसुलट करून बघत होता. भाड्याने आलेल्या पेटीत मोठ्या तोंडाचा माईक एकच निघाला होता आणि तो किक ड्रममध्ये, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ढोलात, गेला होता. उरले होते ते नेहमीचे, गाण्याबोलण्याचे.

"काका, एवढा खर्ज ह्या एवढ्याशा तोंडात मावेल का?"

मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि कॉलेजात असताना चार वर्षं बेस वाजवलेला आहे. हा प्रश्न मी शिकाऊ पोरांकडून ऐकलाय, तसाच वीस वर्षं मिक्सरमागे काढलेल्या माणसांकडूनही. प्रश्न चांगला आहे, आणि त्याचं उत्तर शाळेतल्या ध्वनीच्या धड्यापासून फार लांब नाही.

बेस गिटारची सगळ्यात जाड तार, ई स्वराची, मोकळी छेडली की ती सेकंदाला ४१.२ वेळा कंप पावते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. भागाकार केला तर ह्या स्वराच्या एका लहरीची लांबी येते ८.३ मीटर. पाच तारांच्या बेसवर त्याच्याही खालचा बी नावाचा स्वर असतो, ३०.९ हर्ट्झचा, त्याची लहर ११ मीटरच्या वर जाते. आमचा स्टेजच एवढा रुंद नव्हता. इतकी लांब लहर पकडायला मोठं भांडं हवं, असं वाटणं साहजिक आहे. पण माईकला लहर साठवायची नसते. त्याच्या जागी हवेचा दाब ह्या क्षणाला किती आहे आणि पुढच्या क्षणाला किती, एवढंच त्याला टिपायचं असतं. तळ्यात पडलेलं वाळकं पान बघा. लाट कितीही लांब असो, पान आपल्या जागी वर-खाली होत राहतं. आपल्या कानाचा पडदा जेमतेम १ सेंटिमीटर रुंद असतो आणि त्याला २० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं. प्रयोगशाळेत ध्वनी मोजायला जे माईक वापरतात, त्यांतल्या काहींचा पडदा ६ मिलिमीटरचा असतो, आणि तेही खर्ज नीट मोजतात.

मोठं तोंड लागतं ते खर्ज काढायला. हवा पुष्कळ ढकलावी लागते, म्हणून बेसच्या स्पीकरचे कोन, म्हणजे हवा ढकलणारे शंकूसारखे पडदे, १० किंवा १५ इंची आणि वजनदार असतात. नाना पानसे यांच्या पखवाजाच्या परंपरेचं हे गाव. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापताना इथे अनेकांनी पाहिलं असेल. कणकेच्या वजनाने कातड्याचं कंपन मंदावतं आणि स्वर खाली उतरतो. काढणाऱ्याला वजन हवं, विस्तार हवा. टिपणाऱ्याला यांतलं काही लागत नाही.

मग काही माईकवर बेस भरदार येतो आणि काहींवर पोकळ, हे कशामुळे? ह्याचं उत्तर ज्या गोष्टीत आहे ती मला ध्वनिशास्त्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी एक अनुभव आठवा. नाट्यगृहातला निवेदक माईकपासून हातभर लांब बोलतो तेव्हा त्याचा आवाज त्याचाच असतो. तोच ओठ जाळीला टेकवून बोलू लागला की आवाज एकदम जड, घुमारदार होतो. माईक तोच, माणूस तोच, बदललं ते फक्त अंतर. कॉलरला लावायच्या बहुतेक छोट्या माईकवर मात्र असं काही होत नाही.

फरक माईकच्या पाठीत आहे. कॉलरवरच्या माईकचा पडदा मागून बंद असतो. समोरचा दाब तेवढा त्याला कळतो. गाण्याच्या माईकला पुढून जाळी असते तशीच मागूनही, पडद्याच्या पाठीमागे, हवा शिरायला बारीक वाट ठेवलेली असते. आवाज पडद्यावर दोन्ही अंगांनी पोचतो आणि पडदा हलतो तो दोन दाबांमधल्या फरकाने. मागून आलेला आवाज दोन्ही अंगांना सारखाच पोचेल अशी रचना केली की तो आपोआप पुसला जातो. १९३९ साली शुअर कंपनीतल्या बेंजामिन बाउअर यांनी एकाच पडद्याच्या माईकमध्ये हे जमवलं. स्टेजवरचे नेहमीचे हृदयाकृती, म्हणजे कार्डिऑइड, माईक त्याच कल्पनेवर चालतात.

आता आकडे घेऊ. समजा पुढच्या तोंडापासून मागच्या वाटेपर्यंत आवाजाला २ सेंटिमीटर जास्त जावं लागतं. १००० हर्ट्झच्या स्वराची लहर ३४ सेंटिमीटरची; तिच्यापुढे २ सेंटिमीटर म्हणजे बरंच अंतर, म्हणून पुढच्या आणि मागच्या दाबात सुमारे ३६ टक्के फरक पडतो. ४१ हर्ट्झची लहर ८३० सेंटिमीटरची. तिच्यावर २ सेंटिमीटर पुढे-मागे झालो तर दाब जवळपास तोच. फरक फक्त दीड टक्का. म्हणजे असा माईक जात्याच खर्जाला बहिरा असतो, १००० हर्ट्झच्या तुलनेत २४ पट बहिरा. हे माहीत असल्यामुळे बनवणारे पडद्याची घडण अशी ठेवतात की स्वर जितका खालचा तितका पडदा त्या फरकाला जास्त दाद देईल. २४ पट कमी मिळतं, २४ पट वाढवून घेतात, हिशेब जुळतो.

हिशेब जुळतो तो आवाज लांबून येतो तोवर. आवाज अगदी जवळून आला की दुसरीच गोष्ट आत शिरते. उगमापासून लांब जावं तसा दाब अंतराच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. उगम १ मीटरवर असेल तर पुढे १०० सेंटिमीटर, मागे १०२. फरक २ टक्के. तोच उगम तीन बोटांवर, म्हणजे साधारण ५ सेंटिमीटरवर आला की पुढे ५ आणि मागे ७. मागचा दाब पुढच्यापेक्षा २९ टक्क्यांनी कमी! आणि हा २९ टक्क्यांचा फरक स्वर बघत नाही, ४१ हर्ट्झला तेवढाच आणि १००० हर्ट्झलाही तेवढाच. वरच्या स्वराकडे मुळात ३६ टक्के होते, त्याला ह्या भरीने फारसं काही होत नाही. खर्जाकडे होता दीड टक्का. त्याच्या ओंजळीत एकदम २९ पडले, आणि पडद्याची ती २४ पटीची भरपाई तर चालूच आहे. खर्ज फुगतो तो इथे.

वरचं गणित फक्त फरकावर चालणाऱ्या माईकचं आणि बिंदूएवढ्या उगमाचं आहे. कार्डिऑइड माईक निम्मा दाबावर, निम्मा फरकावर चालतो, आणि स्पीकरचा कोन काही बिंदू नसतो. त्यामुळे प्रत्यक्षातली वाढ आटोक्यात असते. गाण्याचे नेहमीचे माईक बनवणारेच सांगतात, की ६ मिलिमीटरवर आणलं तर १०० हर्ट्झच्या खाली ६ ते १० डेसिबल वाढ मिळते. म्हणजे दाब दुप्पट ते तिप्पट. मिक्सरवरचं बेसचं बटण न फिरवता.

हे त्या मुलाला मी मांडवात पाटीवर लिहून दाखवलं नाही. माईक कॅबिनेटपासून हातभर लांब धरायला सांगितला, बेसवाल्याला एकच स्वर वाजवत राहा म्हटलं, आणि मुलाच्या कानाला हेडफोन लावून माईक हळूहळू आत नेला. एक वीत, मग चार बोटं, मग तीन. तीन बोटांवर त्याने मान वर केली आणि म्हणाला, "आला!"

ह्याच पाठीमागच्या वाटेमुळे आणखी एक गोष्ट होते, जी दर कार्यक्रमात दिसते. हौशी गायक माईकची जाळी मुठीत आवळून धरतात. मूठ मागची वाट बंद करते, माईकची दिशा ओळखण्याची शक्ती जाते, मॉनिटरचा, म्हणजे गायकाकडे तोंड केलेल्या स्पीकरचा, आवाज बिनदिक्कत आत शिरतो आणि शिट्टी वाजते. मग साउंडवाल्याला बोल लावतात.

उलट बाजूचा माईकही आहे. इलेक्ट्रो-व्हॉइसचा आरई२०, १९६८ पासूनचा. त्याच्या लांब धडावर मागे-मागे जाणाऱ्या फटी असतात. खर्जाला मागची वाट लांबून आणि वरच्या स्वरांना जवळून मिळते. खर्जासाठी वाट लांब म्हणजे मुळातला फरक मोठा, म्हणून भरपाई कमी लागते आणि जवळ गेल्यावर फुगवटाही कमी येतो. बेसवाला नाचणारा असेल, ड्रमच्या धक्क्याने स्टँड सरकत असेल, तरी ह्याचा स्वर हलत नाही. महाग असतो, पण किंमत कशाची आहे ते आता कळलं असेल.

खोक्यावर "२० ते २०,००० हर्ट्झ" छापलेलं बघून माईक घेऊ नका, हे मी कळकळीने सांगतो. कॅबिनेटमधूनच २० हर्ट्झ निघत नाही. बेसच्या पुष्कळ नावाजलेल्या कॅबिनेटांची ताकद ५०-६० हर्ट्झच्या खाली उतरू लागते, म्हणजे मोकळ्या ई तारेचा मूळ स्वर तिथे आधीच अशक्त झालेला असतो. तरीही आपल्याला ई ऐकू येतो, कारण तार ४१.२ च्या जोडीला ८२.४, १२३.६, १६४.८ अशा पटीही देते, आणि त्यांच्यामधलं सारखं अंतर बघून मेंदू मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. १८४० च्या दशकात ऑगस्ट सेबेक यांनी भोकं पाडलेल्या चकत्यांच्या सायरनवर प्रयोग करून हा मुद्दा मांडला होता, आणि ओहमच्या नियमातला जो ओहम, त्याच्याशी ह्यावरून त्यांचा मोठा वाद झाला. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर गाणं लावा. ४१ हर्ट्झ त्यातून निघणं शक्यच नाही, तरी बेस कुठला स्वर वाजवतोय ते कळतं. म्हणून बेसचा स्वर ओळखू येण्यासाठी ८० पासून ८०० हर्ट्झपर्यंतचा पट्टा स्वच्छ येणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. किक ड्रमसाठी घडवलेल्या बऱ्याच माईकमध्ये नेमका ह्या पट्ट्याचा मधला भाग दाबलेला असतो आणि काही हजार हर्ट्झवर टोक काढलेलं असतं, ढोलावरची टपली उठून दिसावी म्हणून. बेसवर त्याने बोटांची खरखर वर येते आणि स्वर मागे राहतो. तो माईक ड्रमला गेला हे बरंच झालं, असं मी त्या मुलाला म्हटलं ते धीर देण्यासाठी नाही. शुअर एसएम५७ किंवा सेनहायझर एमडी ४२१ सारखा साधा डायनॅमिक माईक मी बेसला कधीही आधी निवडेन.

जागेबद्दल दोन गोष्टी. कोनच्या बरोबर मध्यावर, टोपीसमोर, आवाज उजळ असतो. कडेकडे सरकलं की मऊ होतो. चार स्पीकर असतील तर एकाच्याच जवळ राहा, चौघांच्या मधोमध नको. आणि चॅनलवरचं लो कटचं बटण दाबलेलं नाही ना, ते बघा. ते बहुधा ७५ ते १०० हर्ट्झच्या खालचं कापतं.

डीआय बॉक्समधून, म्हणजे गिटारचा सिग्नल सरळ मिक्सरला देणाऱ्या डबीतून, थेट तार आणि जोडीला माईक असं दोन्ही घेत असाल तर अंतराला आणखी एक अर्थ येतो. तारेतला सिग्नल लगेच पोचतो, हवेतला १ मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर चालतो. माईक ३४ सेंटिमीटर लांब ठेवला तर ५०० हर्ट्झला दोघे बरोबर उलटे पडतात आणि एकमेकांना खातात. बेसच्या ऐन पोटात खड्डा पडतो. तीन बोटांवर हाच खड्डा ३४०० हर्ट्झच्या आसपास जातो, जिथे बेसचं फारसं काही नसतं.

संध्याकाळी नवीनच अडचण उभी राहिली. स्पीकरमधून सतत घूं असा आवाज. मंडळातल्या कुणीतरी अँपला लिंबू-मिरची बांधली, आदल्या वर्षीही असंच झालं होतं म्हणून. ज्याची त्याची श्रद्धा घरात ठीक आहे, पण वीज लिंबाला ओळखत नाही, आणि लिंबू बांधून निर्धास्त झालेला माणूस वायर तपासत नाही, ह्याची मला भीती वाटते. आपली वीज ५० हर्ट्झची. जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला, म्हणजे दांडीवरच्या तिसऱ्या पट्टीला, वाजणारा जी नावाचा स्वर ४९ हर्ट्झचा. अर्थिंगच्या गडबडीने आलेली गूंज ह्या स्वराला इतकी खेटून असते की बेसवाल्याला वाटतं आपलीच तार उतरली. अँप एका बोर्डवर आणि मिक्सर लांबच्या दुसऱ्या बोर्डवर होता. दोघांना एकाच बोर्डवर आणलं, डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे फक्त सिग्नलच्या तारेतली अर्थची जोडणी तोडणारं, बटण दाबलं, आणि गूंज गेली. अशा वेळी प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. तसं करू नका, कुणी करत असेल तर त्याचा हात धरा. अँपमध्ये बिघाड झाला तर बेसवाल्याच्या बोटाखालच्या तारा विजेच्या होतात, आणि माईकची जाळी त्याच्या ओठांना लागलेली असते.

रात्री कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मी मुद्दाम मांडवाच्या शेवटच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. बेसचा एकेक स्वर वेगळा कळत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सामान आवरताना बघितलं, तर त्या मुलाने कॅबिनेटच्या जाळीवर, एका कोनच्या मध्यापासून जरा डावीकडे, खडूने छोटी फुली मारून ठेवली होती, आणि शेजारी तीन उभ्या रेघा.